बेचिराख

'बेचिराख' हा शब्द आपण आता आग, लढाई किंवा बाँबवर्षाव ह्यांच्याच संदर्भात वापरतो. एखादे शहर बेचिराख झाले म्हणजे जळून त्याची राख झाली, असा आपला समज असतो आणि शब्दाच्या शेवटी 'राख' ऐकू येते म्हणून तो अधिकच पक्का होतो. पण ह्या शब्दात राख नाही. तो फारसीतून आपल्याकडे आला. 'बे' म्हणजे वाचून आणि 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. आपल्या जिभेवर बेचिराख. जुन्या महसुली दप्तरांतला हा अगदी थंड, कारकुनी शब्द आहे. गावाला नाव असते, शीव असते, जमिनीची मोजणी झालेली असते, साराही वसूल होत असतो. पण तो भरणारे लोक शेजारच्या गावात राहतात. संध्याकाळी तिथे दिवा लागत नाही. म्हणून कारकून नावापुढच्या रकान्यात हा एक शब्द लिहितो आणि खालच्या ओळीकडे वळतो.

दिवाळीच्या अंकात असला शब्द घेऊन बसणे काही वाचकांना अशुभ वाटेल. मला तसे वाटत नाही. गाव जिवंत आहे की नाही हे ठरवताना आपल्या पूर्वजांनी देवळाचा कळस पाहिला नाही, वेशीचा दरवाजा पाहिला नाही, दिवा पाहिला. उंबरठ्यावर पणती ठेवण्याच्या दिवसांत हे आठवले तर बिघडले कुठे?

आपल्याकडची बेचिराख गावे नेमकी कधी उठली, हे बहुधा कोणाला सांगता येत नाही. कोणी पटकीचे नाव घेतो, कोणी दुष्काळाचे, कोणी पेंढाऱ्यांचे. पांढरीच्या टेकाडावर खापऱ्या सापडतात, एखादा बिनमूर्तीचा चौथरा असतो आणि बाकीचे सारे दंतकथेत गेलेले असते. गाव कसे मरते हे नीट समजून घ्यायचे, तर जिथे गावाच्या जन्माची तारीख आणि मरणाचे साल ही दोन्ही कागदावर आहेत, असा मुलूख पाहिला पाहिजे. असा मुलूख पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, उत्तर अमेरिकेत आहे. 'प्रेअरी–उत्तर अमेरिका, पंपास–दक्षिण अमेरिका, स्टेप–आशिया' ह्या जोड्या मी वर्गात कित्येक वर्षे पाठ करून घेत आलो आहे. प्रेअरी म्हणजे गवताचे मैदान, जगाचे गव्हाचे कोठार, एवढे मुलांना येते आणि तेवढ्यावर गुण मिळतात. त्या कोठारात आज शेकडो गावे दिव्यावाचून उभी आहेत, हे मात्र पुस्तकात नसते. तिकडचे लोक त्यांना भुतांची गावे म्हणतात.

ही गावे पाहायला मी गेलेलो नाही. पण त्यांचे नकाशे, शिरगणतीचे आकडे आणि वसाहतकाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या हकिकती वाचता वाचता मी त्यांत इतका गुंतलो, की वाचकांपुढे त्यांची गोष्ट मांडल्यावाचून राहवत नाही.

*

कॅनडातल्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि आल्बर्टा ह्या प्रांतांपासून खाली अमेरिकेच्या डाकोटा, नेब्रास्का, कॅन्सस, ओक्लाहोमा ह्या राज्यांपर्यंत हे मैदान पसरले आहे. पूर्वेकडे पाऊस बरा, म्हणून गवत माणसाच्या डोक्याच्या वर जाई. पश्चिमेकडे जावे तसतसे ते खुरटत जाते. साधारण शंभराव्या रेखांशाच्या पलीकडे वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या खाली येतो. म्हणजे आपल्या माणदेशाशी ते बरोबरी करते. कॅनडाच्या बाजूला १८५७ ते १८६० ह्या काळात जॉन पॅलिसर नावाच्या गृहस्थाने पाहणी केली आणि दक्षिणेकडचा एक मोठा त्रिकोणी पट्टा शेतीला कोरडा आहे, असे कळवले. अमेरिकेत जॉन वेस्ली पॉवेल ह्याने १८७८ साली आपल्या अहवालात तेच बजावले: पश्चिमेकडच्या कोरड्या जमिनीवर पूर्वेकडच्या मापाने शेते वाटू नका. दोघांचेही अहवाल छापले गेले आणि दप्तरात गेले.

ही जमीन रिकामी नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. लाकोटा, शायान, पॉनी, क्री, ब्लॅकफूट अशा कित्येक जमाती तिथे रानगव्यांच्या, म्हणजे बायसनांच्या कळपांमागे फिरत जगत होत्या. त्यांचे अन्न, वस्त्र, तंबूचे कातडे, सारे त्या जनावरापासून मिळे. कोट्यवधींच्या संख्येने असलेले हे जनावर कातड्यासाठी आणि शिकारीच्या हौसेपायी इतके मारले गेले, की १८८९ च्या सुमारास सगळ्या खंडात ते हजाराच्या आसपास उरले. जमातींना तहनाम्यांनी आणि बंदुकांनी राखीव प्रदेशांत लोटण्यात आले. म्हणजे त्या मैदानात पहिल्यांदा विझले ते त्यांच्या तंबूंतले विस्तव. पुढे जी गावे वसली आणि उठली, ती ह्या पहिल्या उजाडपणावर बांधलेली होती.

मग कायदे आले. १८६२ साली अमेरिकेने होमस्टेड कायदा केला. कोणीही प्रौढ माणसाने अल्पशी फी भरावी, १६० एकर जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसावी आणि मालक व्हावे. कॅनडानेही १८७२ मध्ये तसाच कायदा केला; तिथे दहा डॉलर आणि तीन वर्षे. युरोपात ज्यांच्या बापजाद्यांना दोन बिघे जमीन दिसली नव्हती, असे जर्मन, स्वीडिश, नॉर्वेजियन, युक्रेनियन शेतकरी बोटी भरभरून निघाले. नेमकी ती काही वर्षे पावसाची गेली. 'नांगराच्या मागे पाऊस येतो', गवत फोडून जमीन उलथली की हवामानच बदलते, असा एक सिद्धान्त काही शिकलेल्या लोकांनी मांडला आणि जमीन विकणाऱ्यांनी तो गावोगाव पोचवला. नांगराच्या मागे पाऊस येत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही कुणब्याने सांगितले असते. पण त्याला विचारणार कोण?

*

आता ह्या मैदानातली गावे कशी जन्माला आली ते पाहू, कारण मरणाचे मूळ तिथेच आहे.

आपले गाव पाण्यापाशी वसते. नदीचा काठ, विहिरीला लागणारा झरा, मग देऊळ, मग वाटा. प्रेअरीतले गाव आगगाडीच्या कचेरीत, नकाशावर पट्टी ठेवून आखले गेले. रेल्वे कंपन्यांना सरकारने रुळांच्या दोन्ही अंगांना अफाट जमिनी बक्षीस दिल्या होत्या. त्या विकल्या जाव्यात आणि त्यांत पिकलेला गहू आपल्याच डब्यांतून जावा, ह्यासाठी कंपनीला दर काही मैलांवर स्टेशन हवे होते. किती मैलांवर? ह्याचे उत्तर घोड्याने दिले. गव्हाची पोती भरलेली गाडी घेऊन शेतकऱ्याने सकाळी निघावे, माल घालावा, सामान घ्यावे आणि रात्रीपर्यंत घरी परतावे. एवढे एका दिवसात व्हायचे, तर स्टेशन शेतापासून फार दूर असून चालणार नाही. म्हणून सात, आठ, फार तर दहा मैलांना एक गाव, असे माप ठरले.

गावांना नावे द्यायलाही कोणाला फुरसत नव्हती. ग्रँड ट्रंक पॅसिफिक ह्या कंपनीने तर सस्कॅचेवानमधून जाताना सरळ इंग्रजी मुळाक्षरांचा क्रम लावला. फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटूना, जास्मिन, केलिहर, लेस्टॉक अशी स्टेशने एकामागून एक येतात; शेवटी झीना, यंग, झेल्मा झाले की पुन्हा पहिल्या अक्षरापासून ॲलन, ब्रॅडवेल, क्लेव्हेट. हजेरीपटावरच्या मुलांसारखी ती गावे रुळांवर ओळीने उभी आहेत.

प्रत्येक गावाचा साचाही एकच. रुळांच्या कडेला लाकडाचे उंचच उंच धान्याचे कोठार. त्याला एलेव्हेटर म्हणतात, कारण त्यात पट्ट्याला लावलेल्या डब्यांनी धान्य वर चढवतात आणि वरून नळाने रेल्वेच्या डब्यात सोडतात. सपाट मैदानात हे कोठार मैलोन् मैल दिसे. पंढरीच्या वाटेवर कळस दिसावा तसे. रुळांपासून निघालेला एक रुंद रस्ता आणि त्यावर बँक, किराणा दुकान, लोहार, घोड्यांची पागा, लाकडाची वखार, खाणावळ, पोस्ट, एखादे साप्ताहिक पत्र. थोडे बाजूला चर्च आणि शाळा. १९३३ च्या सुमारास कॅनडाच्या प्रेअरीत अशी साडेपाच हजारांहून अधिक कोठारे उभी होती. आज काही शेकडाच राहिली आहेत.

*

गावे कशाने मेली, असे विचारले की बहुतेक लोक १९३० नंतरच्या धुळीच्या वादळांकडे बोट दाखवतात. ते वादळ खरेच भयंकर होते. पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला, तेव्हा जे गवत कधीच फोडायला नको होते तेही लोकांनी फोडले. युद्ध संपले, भाव कोसळले. मग पाऊस गेला आणि गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलेली माती मोकळी होऊन उडू लागली. १४ एप्रिल १९३५ ह्या दिवशी उठलेले वादळ इतके काळे होते, की तो दिवस 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. भरदुपारी घरात माणसाला माणूस दिसेना. लोकांनी खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या, तान्ह्या मुलांच्या तोंडावर ओले फडके धरले. पुष्कळ कुटुंबे गाडीवर गादी बांधून कॅलिफोर्नियाकडे निघून गेली.

पण आकडे पाहिले म्हणजे नवल वाटते. सर्वांत जास्त होरपळलेल्या भागातही बहुसंख्य लोक तिथेच राहिले. दुष्काळाने त्यांना हलवले नाही. दुष्काळात माणूस शेजाऱ्याला धरून बसतो, हे आपणही १९७२ साली पाहिले आहे. गावे खरी रिकामी झाली ती पुढच्या बऱ्या दिवसांत.

मोटार आली. फोर्डची स्वस्त मोटार १९०८ पासूनच विकली जात होती. रस्ते सुधारले तसा तिचा उपयोग वाढला. घोड्याला जिथे एक दिवस लागे, तिथे मोटारीला अर्धा तास पुरू लागला. मग आठ मैलांवरच्या छोट्या दुकानात दोन पैसे जास्त देण्यापेक्षा तीस मैलांवरच्या मोठ्या गावात जाणे बरे, असे कोणाला वाटणार नाही? ट्रॅक्टर आला, कापणी-मळणीचे यंत्र आले. १६० एकरांत एका घराचे भागेना आणि यंत्राचेही पोट भरेना. शेजाऱ्याने जमीन काढली की ती घ्यायची, अशी रीत पडली. सस्कॅचेवान प्रांतात १९३६ साली १ लाख ४२ हजार शेते होती, ती २०२१ साली ३४ हजारांवर आली आणि एकेका शेताची सरासरी सतराशे एकरांच्या वर गेली. जमीन तेवढीच, गहू पूर्वीपेक्षा जास्त. ज्या वाटेवर पूर्वी दहा घरांत चुली पेटत तिथे आता दोन घरे राहिली.

मग कंपनीने हिशेब केला. कॅनडात धान्याच्या रेल्वेभाड्यावर १८९७ च्या करारापासून बंधन होते. पुढे सरकार त्यासाठी पैसे देऊ लागले. ती मदत १९९५ साली थांबली. फाट्यांवरचे रूळ उखडले जाऊ लागले, लाकडी कोठारे पाडून हमरस्त्यांवर काँक्रीटची प्रचंड कोठारे उभी राहिली. तिथवर मालमोटारीने गहू जातो. छोट्या गावाचे जे एकमेव काम होते ते संपले.

ह्या मरणाला एक क्रम आहे. आधी उतारूंची गाडी बंद होते. मग बँक जाते. दोन दुकानांतले एक, मग दुसरे. डॉक्टर म्हातारा होतो आणि नवा येत नाही. सस्कॅचेवान सरकारने १९९३ साली एकदम ५२ ग्रामीण रुग्णालये बंद केली किंवा त्यांचे काम बदलले. आणि केव्हातरी मध्येच शाळा जाते.

मी शाळामास्तर आहे, म्हणून ह्या ठिकाणी माझी लेखणी थांबते. १९१८ च्या सुमारास अमेरिकेत एका खोलीच्या, एका शिक्षकाच्या शाळा १ लाख ९० हजारांच्या वर होत्या. आता त्यांतल्या थोड्या शेकडा चालतात. लहान शाळा बंद करून मुलांना बसने मोठ्या गावी न्यायचे, ह्यामागचा विचार वाईट नव्हता. तिथे प्रयोगशाळा होती, प्रत्येक विषयाला निराळा शिक्षक होता. पण शाळा जाते तेव्हा तरुण आईबाप गावात घर घेत नाहीत. दुकान गेले तरी गाव तगते, पोस्ट गेले तरी तगते. शाळा गेली की गावात फक्त आठवणी असणारी माणसे राहतात. शाळेनंतर मग चर्च, आणि सर्वांत शेवटी स्मशान. स्मशान मात्र बंद होत नाही. कित्येक गावांत आज एवढेच शिल्लक आहे आणि तिथले गवत कोणीतरी दुरून येऊन कापून जाते.

मेलेल्या गावाचा मारेकरी शोधू गेले तर हाती कोणी लागत नाही. स्वस्त किराणा आणणारी गृहिणी, शेजाऱ्याची जमीन घेऊन त्याचे कर्ज फेडणारा शेतकरी, तोट्यातला फाटा बंद करणारी कंपनी, चांगल्या शाळेचा आग्रह धरणारे पालक. प्रत्येकाने त्या दिवशी शहाणपणाचेच केले. त्या शहाणपणांची बेरीज गावाच्या नावापुढच्या रकान्यात येते.

नेब्रास्कातल्या मोनोवी ह्या गावाची गोष्ट अशीच आहे. १९३० नंतरच्या दशकात तिथे दीडशे माणसे होती. १९६७ साली पोस्ट गेले, १९७० पर्यंत किराणा दुकाने गेली, १९७४ साली शाळा गेली. पुढे गावात नवराबायको दोघेच उरली आणि २००४ साली नवरा वारला. २०१० च्या शिरगणतीत मोनोवीची लोकसंख्या एक लिहिली आहे. ती बाई गावातली खाणावळ चालवी. नगराध्यक्ष तीच, कारकून तीच, खजिनदारही तीच. खाणावळीचा परवाना स्वतःच मागायचा आणि स्वतःच द्यायचा. नवऱ्याची पाच हजार पुस्तके तिने एका लहानशा खोलीत ठेवली आणि ते गावाचे ग्रंथालय झाले. २०२० च्या शिरगणतीत मोनोवीचा आकडा दोन छापला गेला. दुसरे माणूस तिथे नव्हतेच. एकेका व्यक्तीची माहिती उघड होऊ नये म्हणून ते खाते लहान आकड्यांत मुद्दाम थोडा फरक करते. भुतांच्या गावात सरकारने एक भूत वाढवले, असेच म्हणायचे!

*

ह्या सगळ्या गावांत एका गावाने मला जास्त दिवस धरून ठेवले. त्याचे नाव निकोडेमस.

१८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी संपली. दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांच्या संरक्षणासाठी ठेवलेले केंद्राचे सैन्य १८७७ साली मागे घेतले गेले आणि जुने मालक पुन्हा डोके वर काढू लागले. त्याच वर्षी कॅन्ससमध्ये सात जणांनी एक मंडळी स्थापून निकोडेमस नावाचे गाव आखले. त्यांत सहा कृष्णवर्णीय होते आणि डब्ल्यू. आर. हिल हा एक गोरा होता. केंटकी राज्यात जाहिराती वाटल्या गेल्या: या, इथे तुमची स्वतःची जमीन आहे. सप्टेंबर १८७७ मध्ये तीनशेच्या वर माणसे निघाली. काल-परवापर्यंत जी स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होती, ती माणसे मालक व्हायला निघाली होती.

एलिस स्टेशनावर उतरून त्यांना पुढची वाट गाडीने आणि पायी काटावी लागली. पुढच्या वसंतात आलेल्या विलिआना हिकमन ह्या बाईने पुष्कळ वर्षांनी आपली आठवण सांगितली आहे. बरोबरच्या पुरुषांनी, ते पाहा निकोडेमस, म्हणून बोट दाखवले. तिला गाव कुठे दिसेना. जमिनीतून धूर निघताना तेवढा दिसला. माणसे भुईत खोदलेल्या बिळांसारख्या घरांत राहत होती. ते पाहून तिला रडू कोसळले.

त्या मैदानात लाकूड नव्हते. घर म्हणजे जमिनीत खड्डा, नाहीतर मुळ्यांसकट कापलेल्या गवती मातीच्या लाद्यांची भिंत. घोडे, नांगर मोजकेच. कित्येकांनी पहिली जमीन कुदळीफावड्याने फोडली. पहिल्या हिवाळ्यात अन्न संपत आले, तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी त्यांना अन्न दिले, अशी आठवण त्या गावाने जपली आहे. ज्यांची जमीन गेली होती त्यांनी, ज्यांना जमीन मिळाली होती त्यांना, उपाशी मरू दिले नाही.

काही लोक ते माळरान पाहूनच परत फिरले. बाकीचे चिकटून राहिले. पहिल्याच वर्षी पोस्ट सुरू झाले. झाकरी फ्लेचर हा पोस्टमास्तर आणि त्याची बायको जेनी ही गावची पहिली शिक्षिका. तिच्या भुयारी घरातच शाळा भरे. दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा गुन्हा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मातीच्या वर्गाची किंमत कळते. दहा वर्षांत तिथे दगडी घरे, दुकाने, चर्चे, हॉटेल उभे राहिले. 'वेस्टर्न सायक्लोन' आणि 'निकोडेमस एंटरप्राइझ' अशी दोन वृत्तपत्रे निघू लागली. गावातला एडवर्ड मकेब हा १८८२ साली कॅन्सस राज्याचा हिशेबतपासनीस म्हणून निवडून आला. त्या राज्यात राज्यभराच्या मतांनी निवडून आलेला तो पहिला कृष्णवर्णीय.

आता फक्त आगगाडी यायची बाकी होती. १८८७ साली गावाने मिसूरी पॅसिफिक कंपनीसाठी १६ हजार डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. मोजणीदार येऊन गेले. मग कंपनीचा बेत फिरला. दुसऱ्या कंपनीने रूळ टाकले ते नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून. तिथे बोग नावाचे नवे स्टेशन झाले. १८८८ सालीच निकोडेमसचे व्यापारी एकेक करून नदीपार निघाले. काहींनी दुकानेच उचलून नेली. दोन्ही वृत्तपत्रे थांबली. नकाशावरची पट्टी चार बोटे सरकली आणि गावाचे भविष्य पलीकडे गेले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ह्याहून मोठी गावे ह्याहून लहान कारणांनी संपली आहेत. पण निकोडेमसचे शेतकरी गेले नाहीत. धुळीची वर्षे आली, लोक कमी होत गेले, तरी १९३९ साली गावाने चुनखडी दगडाचे सभागृह बांधून पुरे केले. १९५३ साली पोस्ट बंद झाले. शाळा गेली. मुले डेन्व्हर, कॅन्सस सिटी अशा शहरांत पोटामागे पांगली. ज्या बोगने निकोडेमसचे नशीब नेले, तेही आज दीडशे वस्तीचे खेडे आहे. २०२० च्या शिरगणतीत निकोडेमसमध्ये १४ माणसे होती.

आणि तरीही दर वर्षी जुलैच्या अखेरीस शहराशहरांतून मोटारी निघतात. गुलामगिरीतून सुटकेचा दिवस साजरा करण्याची चाल पहिल्या वसाहतकाऱ्यांनी पाडली होती. तिचेच पुढे 'घरी परतण्याचा' उत्सव असे रूप झाले. कधी त्या गावात न राहिलेले नातू-पणतू शेकड्यांनी येतात. मिरवणूक निघते, पंगती बसतात, चर्चमध्ये प्रार्थना होते, म्हातारी माणसे मुलांना कोणाचे भुयार कुठे होते ते दाखवतात. ह्याच लोकांच्या खटपटीने १९९६ साली निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. दोन चर्चे, हॉटेल, सभागृह आणि शाळा ह्या पाच इमारती त्यात आहेत.

इतर गावांना आणि ह्या गावाला एकच न्याय का लागला नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, ती गावे घोड्याच्या एका दिवसाच्या चालीवर बांधलेली होती. घोडा गेला आणि त्यांचे कारण गेले. निकोडेमसलाही तेच दुकान हवे होते, तेच स्टेशन हवे होते, आणि ते न मिळाल्याने त्याचे जे नुकसान झाले ते भरून आले नाही. चौदा माणसे ही काही विजयाची खूण नव्हे. पण तिथे येणाऱ्यांचे येण्याचे कारण गव्हाच्या भावात नव्हते. आपल्या आजोबांना पहिल्यांदा 'हे माझे' म्हणता आले ती जागा ही, एवढे त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी मुलांना सांगितले होते. महसुलाच्या कारकुनाला तिथे आपला तो शब्द लिहिता येणार नाही.

ह्या दिवाळीत आपल्यापैकी अनेक जण गावी जातील. चार दिवस कुलपे निघतील, ओटे सारवले जातील, वर्षभर अंधारलेल्या दारांत पणत्या लागतील. भाऊबीज झाली की पुन्हा कुलपे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. पोट जिथे नेईल तिथे माणसाने जावे. माझी विनंती लहानशी आहे. गावात असाल तेव्हा शाळेवरून एक चक्कर मारा. सुटी असेल, वर्ग बंद असतील. पण शाळेचे मास्तर कुठे राहतात ते कोणीही सांगेल. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे बोलणे आपल्याकडे २०२३ साली निघाले आहे. तेव्हा त्यांच्या घरी फराळाला जा, आणि चकली खाता खाता विचारा, की गुरुजी, यंदा पहिलीला किती मुले आली?